स्टँडपाइपचा दाब हळूहळू उतरतो तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

तेलविहिरीचे ड्रिलिंग सुरळीत चालू आहे, विहिरीत मड (खोदकामाचा चिखलासारखा द्रव) ढकलणाऱ्या पंपाचे स्ट्रोक (पिस्टनचे फेरे) तेच आहेत, कोणी काही बदललेले नाही, आणि तरीही पाळीच्या सुरुवातीला ३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाखवणारा स्टँडपाइपचा काटा, म्हणजे पंपाकडून मड नेणाऱ्या उभ्या नळीवरचा दाबमापक, तासाभरात २,९०० वर आणि पुढच्या अर्ध्या तासात २,८०० वर आलेला आहे. हा लेख मुख्यतः या लक्षणाविषयी आहे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातील रिगवर आधी डेरिकमन (मनोऱ्यावर पाइप आणि खाली पंप सांभाळणारा), मग ड्रिलर आणि शेवटी टूलपुशर (रिगवरच्या कामाचा प्रमुख) म्हणून काम करताना हा उतरता काटा मी इतक्या वेळा पाहिला आहे, आणि त्याचा अर्थ लावताना स्वतःही इतक्या वेळा चुकलो आहे, की तपासणीचा क्रम एकदा लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

या मुख्य लक्षणाची भावंडे वेगळी ओळखता आली पाहिजेत. काटा हळूहळू उतरत असेल आणि उतरण्याचा वेग वाढत असेल, तर कुठेतरी छिद्र मोठे होत आहे असे समजावे. काटा एकाच झटक्यात तीन-चारशे पीएसआयने खाली येऊन तिथेच स्थिर राहिला, तर बिटचा (खडक कोरणाऱ्या टोकाचा) एखादा नोझल (मड फवारणारी तोटी) निघून गेला असण्याची शक्यता अधिक असते. काटा खाली येऊन थरथरत असेल, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकबरोबर नाचत असेल, तर संशय पंपाच्या व्हॉल्व्हवर किंवा पल्सेशन डॅम्पनरवर (पंपाचे हिसके शोषणाऱ्या वायूच्या भांड्यावर) जातो. दाब उतरताना बिटची गती मंदावली असेल आणि एमडब्ल्यूडीचे (बिटजवळून मोजमापे वर पाठवणाऱ्या साधनाचे) संदेश क्षीण झाले असतील, तर मड बिटपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. दाबाबरोबरच हुकवरचे (पाइप टांगलेल्या आकड्यावरचे) वजन आणि टॉर्कही (फिरवण्याचा पीळ) एकदम कमी झाला असेल, तर मात्र पाइप तुटलेला आहे, आणि या लेखातील तपासण्यांची वेळ निघून गेलेली आहे.

पहिली चूक

दाब उतरला की नवा ड्रिलर हमखास स्ट्रोक वाढवून काटा पुन्हा ३,००० वर आणतो. त्याला वाटते की काम मार्गी लागले. प्रत्यक्षात त्याने पुरावा पुसलेला असतो, आणि छिद्र असेल तर त्यातून जाणारा प्रवाह वाढवून ते अधिक वेगाने कोरले जाईल याची सोय केलेली असते. म्हणून पहिला नियम असा, की कारण कळेपर्यंत स्ट्रोक वाढवू नयेत. बिट तळापासून उचलावे, पाइप वरखाली हलता ठेवावा, आणि काय घडले ते वेळेसह वहीत लिहावे.

हा काटा इतका बोलका का असतो, हे एकदा समजून घेतले की पुढचा क्रम आपोआप पटतो. पंप मड ढकलतो, ते पाइपमधून खाली जाते, बिटच्या बारीक नोझलमधून फवाऱ्यासारखे बाहेर पडते आणि पाइपभोवतीच्या पोकळीतून वर परतते. या सर्व वाटेतील अडथळ्यांची बेरीज म्हणजे स्टँडपाइपचा दाब. बिटला नोझल बसवून जेट तयार करण्याची पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली, आणि तेव्हापासून या बेरजेतील सर्वांत मोठा वाटा बहुधा बिटचा असतो. जास्तीत जास्त अश्वशक्ती तळाशी पोहोचवायची असेल, तर एकूण दाबाच्या सुमारे ६५ टक्के दाब नोझलवर खर्च व्हावा असे गणित सांगते. बारा नंबरचा नोझल म्हणजे एका इंचाचे बत्तीस भाग करून त्यातील बारा भागांइतक्या व्यासाचे भोक. इतक्या अरुंद दाराकडे निघालेल्या मडला वाटेत कुठेही आडवाट सापडली, की ते ती धरते आणि दाब पडतो. दुसरे असे, की दाब हा प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पंपाने पाच टक्के मड कमी दिले, तर दाब सुमारे दहा टक्के कमी होतो. म्हणजे पंपातील लहानशी गळतीही काट्यावर मोठी दिसते, आणि तीच आपल्याला विहिरीतील छिद्र वाटते.

सर्वांत आधी : विहीर वाहते आहे का?

ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे, आणि ती टाळली तर किंमतही सर्वांत मोठी मोजावी लागते. पाइपभोवतीच्या पोकळीत खडकातील वायू किंवा तेल शिरले, तर त्या बाजूचा स्तंभ हलका होतो, पाइपमधील जड मड स्वतःच्या वजनाने खाली जाऊ लागते आणि पंपावरचा भार कमी होतो. वरून दिसणारे चित्र छिद्रासारखेच असते : दाब उतरतो आणि स्ट्रोक थोडे चढतात. ज्या विद्युत पंपांचा वेग नियंत्रक धरून ठेवतो, त्यांत स्ट्रोकची ही वाढ दिसतही नाही, त्यामुळे केवळ स्ट्रोककडे पाहून निश्चिंत होऊ नये. पाइप उचलून टूल जॉइंट (दोन पाइपांचा जाड जोड) योग्य उंचीवर आणावा, पंप बंद करावा, आणि दहा ते पंधरा मिनिटे विहिरीतून मड येत आहे का ते प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. पिटची (मडच्या टाकीची) पातळी वाढली आहे का तेही बघावे.

विहीर वाहत असेल तर समस्यानिवारण तिथेच संपते. बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहिरीचे तोंड बंद करणारे यंत्र) बंद करावा, दाब नोंदवावेत आणि टूलपुशर व कंपनीच्या प्रतिनिधीला बोलवावे. जेम्स अॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी १९२० च्या दशकात रॅम पद्धतीचा ब्लोआउट प्रिव्हेंटर बनवला तो याच क्षणासाठी, आणि तो बंद करायला ड्रिलरने कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नसते.

याच्या उलटही होते. मुंबई हायचे मुख्य साठे चुनखडकात आहेत, आणि चुनखडकाच्या पोकळ्यांत मड हरवणे ही तिथली जुनी कटकट आहे. परतणारे मड कमी झाले असेल आणि पिटची पातळी घसरत असेल, तर छिद्र पाइपला नसून मड खडकात जात आहे. त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो या लेखाचा विषय नाही.

मड, मोजणी आणि काटे

विहीर शांत असल्याची खात्री झाली की कागद उघडावेत. दाब मडच्या घनतेच्या प्रमाणात बदलतो. मड इंजिनियरने पाणी मिसळून वजन १.२५ वरून १.२० वर आणले असेल, तर ३,००० पैकी १२० पीएसआय तिथेच गेले, आणि त्यात कोणाचाही दोष नाही. पातळ करणारे रसायन नुकतेच टाकले आहे का, मड दीर्घकाळ फिरून तापले आहे का, त्यात हवा मिसळून फेस झाला आहे का, हे विचारायला पाच मिनिटे लागतात. फेसाळलेले मड विशेष फसवे असते, कारण पंप हवा दाबण्यातच स्ट्रोक वाया घालवतो. सक्शन पिटची पातळी खाली गेली असेल किंवा सक्शनच्या जोडातून हवा शिरत असेल, तर हा प्रकार घडतो. साध्या तराजूवर फेसाळलेल्या मडचे वजन खरे कळत नाही, त्यासाठी दाबाचा तराजू वापरावा. खाली बिट फिरवणारी मोटर असेल, तर दोन दाबांची तुलना करताना दोन्ही वेळा बिट तळापासून वर होते की तळावर होते, हे पाहणेही आवश्यक आहे.

त्यानंतर स्ट्रोक स्वतः मोजावेत. हातात घड्याळ घेऊन एक मिनिट पिस्टन रॉडकडे पाहत बसणे कमीपणाचे वाटते खरे, पण स्ट्रोक मोजणारा सेन्सर सैल होऊन जास्त किंवा कमी मोजू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

काट्यांची तुलना हा पुढचा टप्पा. ड्रिलरच्या पॅनेलवरचा, स्टँडपाइप मॅनिफोल्डवरचा (नळ्या आणि व्हॉल्व्हच्या संचावरचा) आणि चोक पॅनेलवरचा, असे किमान तीन काटे असतात. तिघेही सारखेच उतरले असतील तर दाब खरोखर उतरला आहे. एकटाच उतरला असेल, तर त्याच्या डायफ्रॅममागचे तेल झिरपले आहे किंवा नळीत सुकलेल्या मडची पुटे बसली आहेत. काटा खोटा निघाला तर दुरुस्ती अर्ध्या तासाची असते. ही तुलना न करता पाइप बाहेर काढायला घेणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

जमिनीवरची वाट

‘जमिनीवरची’ हा शब्द समुद्रातील रिगवर विनोदी वाटेल, पण पंपापासून पाइपच्या तोंडापर्यंतच्या सर्व नळ्यांना आम्ही तेच म्हणतो. इथली गळती दोन प्रकारची असते. होज, गूसनेक किंवा वॉशपाइपचे पॅकिंग गळले तर मड अंगावर येते, ते शोधावे लागत नाही. जी गळती परत पिटमध्ये जाते ती मात्र कोणालाही दिसत नाही, आणि अनेक तास तीच खाते.

त्यातील सर्वांत चोरटी वाट पॉप-ऑफ व्हॉल्व्हची. दाब मर्यादेबाहेर गेल्यास पंप वाचवण्यासाठी हा व्हॉल्व्ह उघडतो आणि मड पिटमध्ये सोडतो. एकदा उघडून पुन्हा बसवला की त्याची सीट पूर्वीसारखी बसेलच याचा भरवसा नसतो. एका रिगवर आम्ही उतरत्या दाबाचे कारण शोधून दमलो आणि २,८०० मीटरवरून संपूर्ण पाइप बाहेर काढला. तीन-तीन पाइपचे शंभर स्टँड होते; प्रत्येक जोड पुसून पाहिला, काहीही सापडले नाही. पाइप पुन्हा खाली उतरवून पंप सुरू केला तर दाब पूर्वीइतकाच कमी! शेवटी एका तरुण डेरिकमनच्या लक्षात आले की पॉप-ऑफची नळी पिटमध्ये मडच्या पातळीखाली बुडालेली आहे, त्यामुळे तिच्यातून मड येते की नाही हे कोणालाच दिसत नव्हते. नळीला कान लावला तर आत प्रवाहाचा आवाज स्पष्ट येत होता. त्या फेरीत गेलेला दिवस रिगच्या भाड्यात मोजला तर आकडा लिहायला संकोच वाटतो. तेव्हापासून मी ज्या रिगवर गेलो तिथे त्या नळीचे तोंड पातळीच्या वर, दिसेल असे घेतले.

दुसरी चोरवाट म्हणजे बंद असलेला दुसरा पंप. त्याला मॅनिफोल्डपासून तोडणारा व्हॉल्व्ह बंद असूनही गळत असेल आणि त्याचे स्वतःचे डिस्चार्ज व सक्शन व्हॉल्व्हही झिजलेले असतील, तर चालू पंपाचे मड बंद पंपातून उलटे सक्शनकडे जाते. बंद पंपाच्या नळीला उष्णता जाणवत असेल किंवा आत सळसळ ऐकू येत असेल, तर शंका घ्यावी. मॅनिफोल्डवरचे ब्लीड व्हॉल्व्ह, विहीर भरण्याची नळी आणि सिमेंटची नळी यांकडेही याच नजरेने पाहावे. गळती शोधताना जोडावर हात कधीही फिरवू नये. ३,००० पीएसआयचा बारीक फवारा कातडी सहज कापतो, आणि अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी आत गंभीर असते. लाकडी पट्टी वापरावी, किंवा दूरूनच ऐकावे.

नळ्यांविषयी निःसंदिग्ध उत्तर हवे असेल, तर स्टँडपाइपचा व्हॉल्व्ह बंद करून अलीकडच्या भागावर सिमेंटिंग युनिटच्या लहान पंपाने दाब चढवावा आणि तो टिकतो का ते पाहावे. मोठ्या मड पंपाने बंद व्हॉल्व्हवर दाब चढवण्याचा मोह टाळावा. एक-दोन स्ट्रोकमध्येच तो मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. या काळात विहिरीतील मड स्थिर राहते, म्हणून पाइप वरखाली हलवत राहावे, नाहीतर एक दुखणे शोधताना पाइप अडकल्याचे दुसरे पदरात पडते.

पंप

आजचा मड पंप बहुधा तीन सिलिंडरचा ट्रिप्लेक्स असतो. साडेसहा इंची लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि बारा इंची स्ट्रोक असलेला पंप पूर्ण कार्यक्षमतेने एका स्ट्रोकला साधारण १९.६ लिटर मड देतो. ९७ टक्के कार्यक्षमता धरली तर १९ लिटर. हा आकडा पुढेही लागणार आहे, म्हणून आपल्या पंपाचा असा आकडा केबिनमध्ये लिहून ठेवावा.

पंप बदलून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. पहिला पंप एकटाच ठरावीक स्ट्रोकवर चालवून दाब लिहावा, मग दुसरा तितक्याच स्ट्रोकवर चालवून लिहावा. दोघांचे लायनर सारखे असताना एकाचा दाब १,५०० आणि दुसऱ्याचा १,३५० येत असेल, तर दुखणे दुसऱ्या पंपात आहे. दोघांचाही सारखाच कमी येत असेल, तर पंप बहुधा निर्दोष आहेत आणि दोष दोघांच्या सामायिक वाटेत आहे. इतकी स्वस्त आणि इतकी निर्णायक परीक्षा दुसरी नाही, आणि तरीही ती केली जात नाही, कारण पंपरूम खाली असते आणि ड्रिलर वर.

अधिक नेमकेपणा हवा असेल तर पंपाला एका लहान, मापाच्या खुणा असलेल्या टाकीतून मड खेचायला लावावे. ३०० स्ट्रोकमध्ये ५.७ घनमीटर जायला हवे होते आणि ५.२ च गेले, तर पंप अपेक्षेच्या ९१ टक्केच देत आहे, आणि दाबातील घटीचा हिशेब त्यानेच लागतो. मग सिलिंडर शोधावा. झिजलेल्या सीटमधून परतणारे मड व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलेल्या लोखंडी सळईतून सिसकारीसारखे ऐकू येते. लायनरवर फवारले जाणारे थंड पाणी गढूळ झाले असेल, तर पिस्टनचे रबर गेले आहे. सीट एकदा कोरली गेली की नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नसतो. नवा व्हॉल्व्ह जुन्या सीटवर दोन दिवसांत खराब होतो, म्हणून दोन्ही एकत्रच बदलावेत. पावसाळ्यात न्हाव्याहून येणारी बोट समुद्र खवळला की दोन-तीन दिवस उशिराने येऊ शकते. तेव्हा मे महिन्यातच व्हॉल्व्ह, सीट, पिस्टन आणि लायनर यांचा साठा मोजून घेणे हा समस्यानिवारणाचाच भाग समजावा.

पंप उघडण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावावे, डिस्चार्ज बंद करावा आणि आतील दाब सोडल्याची काट्यावर खात्री करावी. डॅम्पनरमध्ये फक्त नायट्रोजन भरावा. ऑक्सिजन किंवा साधी हवा भरणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. फ्लुइड एंडला (पंपाच्या मडच्या बाजूला) तडा दिसला किंवा पॉवर एंडमधून (चालक यंत्राच्या बाजूने) ठोके ऐकू आले, तर रिगवरच्या मेकॅनिकनेही थांबावे आणि उत्पादकाच्या तंत्रज्ञाला बोलवावे. तडा वेल्डिंगने भरलेला पंप मी चालताना पाहिला आहे. तो फार काळ चालला नाही.

आता पाइप

वरचे सर्व निर्दोष ठरल्यावरच बोट विहिरीतील पाइपकडे दाखवावे. इथे तीन आकडे पुन्हा पाहावेत. पहिला म्हणजे मंद गतीचा दाब. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला किक आल्यास (खडकातील वायू किंवा तेल विहिरीत शिरल्यास) उपयोगी पडावा म्हणून हा दाब नोंदवलेला असतोच. त्याच मंद स्ट्रोकवर आज तो किती येतो ते पाहावे. दुसरा एमडब्ल्यूडीच्या टर्बाइनचा वेग. मडच्या स्पंदनांतून खालची माहिती वर पाठवणारी ही साधने १९७८ पासून व्यावसायिक वापरात आली, आणि त्यांनी छिद्र शोधण्याचे काम नकळत सोपे केले. वरून प्रवाह तेवढाच जात असताना टर्बाइन मंदावले असेल, तर मड साधनाच्या वरच कुठेतरी निसटत आहे. टर्बाइन पूर्वीच्याच वेगाने फिरत असेल आणि दाब मात्र उतरलेला असेल, तर दोष त्याच्या खाली, बहुधा नोझलमध्ये आहे. तिसरा आकडा ट्रेसरचा.

ट्रेसर म्हणजे पाइपच्या तोंडातून टाकलेली अशी वस्तू जी परत आल्यावर ओळखू येते : रंग, किंवा कागदात गुंडाळलेले कॅल्शियम कार्बाइड, ज्यापासून पाण्यात अॅसिटिलीन तयार होतो आणि मड लॉगरच्या वायूमापकावर उमटतो. ती टाकल्यापासून परत येईपर्यंतचे स्ट्रोक मोजायचे. पाच इंची, फुटाला साडेएकोणीस पौंडी पाइपमध्ये मीटरला ९.३ लिटर मड मावते, आणि साडेआठ इंची विहिरीत त्याभोवतीच्या पोकळीत सुमारे २३.९ लिटर, दोन्ही मिळून ३३.२. विहीर २,४०० मीटर असेल, तर पूर्ण फेरीला १९ लिटरच्या हिशेबाने सुमारे ४,२०० स्ट्रोक लागायला हवेत. ट्रेसर २,१०० स्ट्रोकवरच दिसला, तर छिद्र साधारण १,२०० मीटरवर आहे. कॉलर (बिटवरचे जाड, जड पाइप) आणि केसिंगमुळे (विहिरीच्या भिंतीला बसवलेल्या पोलादी नळीमुळे) हे माप बदलते, म्हणून याला अंदाजच समजावे, पण सत्तर-ऐंशी स्टँडपैकी कोणत्या दहांकडे डोळे फाडून पाहायचे हे त्यावरून कळते. ट्रेसर पूर्ण ४,२०० स्ट्रोकनंतरच आला, तर छिद्र बिटजवळ आहे किंवा नोझल गेला आहे. जुन्या पद्धतीत मऊ दोराचे तुकडे टाकून छिद्र तात्पुरते बुजवून पाहत असत. खाली मोटर किंवा एमडब्ल्यूडी असेल तर दोरच काय, कोणताही ट्रेसर डायरेक्शनल ड्रिलरला (विहिरीची दिशा सांभाळणाऱ्याला) विचारल्याशिवाय टाकू नये.

इथे निर्णयाचा प्रश्न आहे. मिनिटाला साठ स्ट्रोकने २,१०० स्ट्रोक म्हणजे पस्तीस मिनिटे, आणि तेवढा वेळ छिद्रातून मड वाहत राहणार. दाब तासाला शंभर पीएसआयने उतरत असेल तर मी ट्रेसर टाकतो. दहा मिनिटांत शंभर उतरत असेल तर टाकत नाही, थेट पाइप काढायला घेतो. छिद्राची सुरुवात बहुधा थकव्याने पडलेल्या केसासारख्या तड्यापासून होते. दाबाखालचे मड त्यातून वाळूसह फवारते आणि तडा कोरत नेते. पाइप तुटण्याआधी मिळालेला तो इशारा असतो. इशारा मिळाल्यावर तुटलेला पाइप विहिरीत सोडून फिशिंग (पडलेले तुकडे बाहेर काढण्याचे काम) करत बसणे परवडत नाही.

पाइप काढताना

जखमी पाइपला पीळ सोसत नाही. म्हणून जोड सोडताना खालच्या पाइपांची माळ फिरवू नये, जोड टाँगने (मोठ्या पान्याने) सोडावा. विहीर अरुंद असेल तिथे ओढ मर्यादेत ठेवावी, जार (अडकलेल्या पाइपला हिसके देणारे साधन) मारण्याआधी वरिष्ठांना विचारावे, आणि विहीर प्रत्येक स्टँडमागे भरत राहावी.

छिद्र दिसायला नेहमीच मोठे नसते. टूल जॉइंटच्या खांद्यावर बोटाच्या नखाएवढी चकचकीत रेघ, पाइपच्या जाड टोकाचा भाग संपून नेहमीची भिंत सुरू होते त्या जागी पिचकारीसारखे भोक, किंवा स्लिप्स (पाइप धरून ठेवणाऱ्या दातेरी पाचरी) चावतात त्या पट्ट्यात आडवा तडा, या तीन जागा मी प्रथम पाहतो. टूल जॉइंटमध्ये आटे मड अडवत नाहीत. आट्यांमध्ये सर्पिल पोकळी राहतेच, आणि मड अडवतो तो केवळ खांद्याला खांदा दाबून बसलेला पृष्ठभाग. त्या खांद्यावर खरचटा असेल, जोड पुरेशा टॉर्कने आवळला नसेल किंवा डोप (जोडाला लावायचे वंगण) चुकीचे असेल, तर तिथून गळती सुरू होते. म्हणूनच जोडात छिद्र सापडले तर पाइपला दोष देण्यापूर्वी टाँगच्या टॉर्क गेजचे कॅलिब्रेशन तपासावे. मी पाहिलेल्या वारंवार होणाऱ्या छिद्रांपैकी बरीच या एका खोट्या गेजपाशी येऊन थांबली.

पाइपच्या अंगात छिद्र असेल तर कारण बहुधा विहिरीच्या वळणात असते. वाकलेल्या विहिरीत फिरणारा पाइप प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला शंभर फेरे धरले तर दिवसाला १,४४,००० वेळा. मडमधील ऑक्सिजनने आतून पडलेली गंजाची खळगी अशा ठिकाणी तड्याची सुरुवात ठरते. तेव्हा फक्त भोक पडलेला एक पाइप बाजूला काढून भागत नाही. त्याच्या वरचे आणि खालचे पाइप त्याच वळणात तितकेच फिरलेले असतात. ते स्टँडही बाजूला घ्यावेत, पुढच्या फेरीत पाइपांचा क्रम बदलावा, आणि एक सुटा पाइप जोडून दरवेळी वेगळे जोड उघडले जातील असे पाहावे.

कधी थांबावे

एकाच विभागात दुसरे छिद्र पडले, तर रिगवरच्या माणसांनी डोळ्यांनी तपासणे पुरेसे नाही. चुंबकीय आणि ध्वनिलहरींची तपासणी करणाऱ्या प्रमाणित पथकाला बोलवावे आणि संपूर्ण माळ तपासून घ्यावी. केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही, तो दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असल्याची नोंद असेल, तर पहिल्याच छिद्राला हे पथक बोलवावे, कारण या वायूने ठिसूळ झालेले पोलाद इशारा न देताच तुटते. हुकवरचे वजन एकदम कमी झाले तर फिरवणे थांबवावे, पाइपवर खूण करावी, उरलेल्या वजनावरून तुटल्याची खोली काढावी आणि फिशिंगच्या तज्ज्ञाला कळवावे; हाताशी असलेल्या ओव्हरशॉटने (तुटके टोक बाहेरून पकडणाऱ्या साधनाने) स्वतःच प्रयत्न करून पाहणाऱ्यांनी तुटके टोक आणखी बिघडवल्याचे मी पाहिले आहे. पाइपचे छिद्र रिगवर वेल्डिंगने बुजवणे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

संपूर्ण पाइप काढूनही काही सापडले नाही, तर बिटचे नोझल, त्यांच्या ओ-रिंग, जार आणि स्टॅबिलायझरचे जोड पाहावेत. तिथेही काही नसेल तर पाइप उतरवताना दर काही शे मीटरवर थांबून ठरावीक स्ट्रोकवर दाब नोंदवावा. पुढच्या वेळी तुलना करायला हाच तक्ता लागतो.

सापडलेल्या सदोष पाइपवर लाल रंगाचा पट्टा लगेच ओढावा आणि तो इतरांपासून दूर, वेगळा बांधून ठेवावा. आम्ही एकदा रंग नंतर लावू म्हणून फक्त खडूने फुली मारली होती. रात्री पाऊस झाला, पाळी बदलली, आणि नऊ दिवसांनी स्टँडपाइपचा काटा पुन्हा हळूहळू उतरू लागला तेव्हा ९०० मीटरवरून वर आलेल्या पाइपच्या खांद्यावरची ती चकचकीत रेघ मी लगेच ओळखली.